रॅम वाढवल्यापासून डिस्प्ले पुन्हा पुन्हा जातोय? खोडरबर घेण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. घरातला डेस्कटॉप जुना, आत ४ जीबी रॅम, म्हणजे मेमरी. मुलाची दहावी, वहिनींचं टॅलीचं काम, किंवा लग्नपत्रिका कोरल ड्रॉमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींत लावायची, म्हणून शेजारच्या स्लॉटमध्ये रॅमची आणखी एक पट्टी बसवली. काही दिवस मशीन झकास चाललं. मग एका सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि मॉनिटर काळा. दुरुस्तीवाला आला, रॅम काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. चालू झालं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. "परत चालू होईना झालंय ओ," असा फोन जून ते सप्टेंबर या महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून सतत येत असतो.

खोडरबरानं घासल्यावर चालू झालं, म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. घासणारा माणूस एकाच वेळी चार गोष्टी करतो. वीज पूर्ण तोडतो, त्यामुळे बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डावर, साठलेली वीज उतरते. पट्टी काढून पुन्हा बसवतो, त्यामुळे पट्टी आणि स्लॉटमधल्या पिना नव्यानं टेकतात. पट्टी काढघाल झाल्यानं बोर्ड बऱ्याचदा मेमरीची जुळणी, म्हणजे पट्टीशी ताळमेळ बसवणं, पहिल्यापासून करतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे तो घासतो. या चारांतल्या नेमक्या कशामुळे मशीन उठलं, हे कोणालाच कळत नाही. म्हणून बिघाड परत येतो. या चार गोष्टी एकेक करून वेगळ्या केल्या, तर बहुतेक घरांत दुपारभरात कारण हाती लागतं. त्यासाठी एक स्क्रूड्रायव्हर, कागद-पेन आणि थोडा धीर पुरतो.

आधी बिघाड केव्हा येतो ते पाहा

कॅबिनेट उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना अडतं आणि एकदा चाललं की दिवसभर चालतं? की चालू असतानाच मध्येच निळा पडदा येतो? वीज जाऊन आल्यावर अडतं? की तीन-चार दिवस बंद राहिल्यावर? ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सांगते. थंड असताना अडणं आणि तापल्यावर सुरळीत चालणं हे बहुधा संपर्क, बोर्डावरचा छोटा सेल किंवा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) यांचं लक्षण असतं. चालू असताना मध्येच कोसळणं हे पट्टी सदोष असल्याचं किंवा दोन पट्ट्यांचं जमत नसल्याचं लक्षण असतं. आणि वीज जाऊन आल्यावरच अडत असेल, तर रॅमला हात लावायच्या आधी एसएमपीएसकडे बघा.

मशीन बीप देत असेल तर तेही ऐका. बहुतेक बोर्डांवर एकसारखे, थांबून थांबून येणारे लांब बीप मेमरी सापडत नसल्याचे असतात. पण बऱ्याच असेंबल केलेल्या मशीनमध्ये तो छोटा बझर बसवलेलाच नसतो. म्हणून बीप नाही, तेव्हा रॅम ठीक आहे, असा अर्थ काढू नका. बझर स्वस्तात मिळतो, बोर्डावर स्पीकर लिहिलेल्या पिनांवर बसतो. वारंवार त्रास देणाऱ्या मशीनला तो लावून घ्यावा.

एक गोष्ट नव्या मशीनवाल्यांसाठी. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या एकापाठोपाठच्या पिढ्या. डीडीआर५ बोर्डावर नवी पट्टी बसवल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. डीडीआर४ बोर्डसुद्धा कधी कधी स्वतःच दोन-तीनदा बंद-चालू होतो. तो त्या वेळात मेमरीची जुळणी करत असतो. घाबरून बटण दाबून बंद केलं की ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं थांबा.

हात घालण्याआधी

मुख्य वायर भिंतीतून काढा. नुसतं विंडोजमधून बंद करणं पुरत नाही, कारण वायर लावलेली असेल तर बंद मशीनच्या बोर्डावरही ५ व्होल्टची स्टँडबाय वीज खेळत असते आणि तशातच रॅम उपसली तर पट्टी किंवा स्लॉट जळू शकतो. वायर काढल्यावर चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा छोटा दिवा विझला की आत हात घाला. पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला स्पर्श करा आणि पट्टी कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का, हेही विचारा. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरवर काम चाललेलं असतं. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर सौम्य वीज येते, आणि वायर न काढता काम केलं तर त्याच पत्र्याला धरून आपण मेमरीला हात लावतो. हे रॅमलाही वाईट आणि घरातल्या पोरांनाही. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या. रॅमचा प्रश्न सुटो न सुटो, हे काम टाळू नका.

चार गोष्टी वेगळ्या करा

पुढच्या वेळी पडदा काळा राहिला की लगेच रॅम उपसू नका. पहिल्यांदा फक्त वायर काढा, बटण दाबून धरा, मिनिटभर थांबा, वायर लावा आणि सुरू करा. एवढ्यानंच उठलं तर रॅमच्या दातांवर संशय घेण्याचं कारण कमी झालं. बोर्डावर अडकून राहिलेली वीज, दमलेला एसएमपीएस किंवा संपत आलेला सेल यांच्याकडे वळा.

नाही उठलं, तर पुन्हा वायर काढा आणि पट्टी न काढता दोन्ही अंगठ्यांनी तिच्या दोन्ही टोकांवर सरळ खाली दाब द्या. "टक्" असा आवाज आला आणि त्यानंतर मशीन उठलं, तर पट्टी पुरती बसलेलीच नव्हती. नव्या बोर्डांवर अनेकदा एकाच बाजूला हलणारी क्लिप असते, दुसरी बाजू पक्की. बसवणारा माणूस क्लिपच्या बाजूला दाबतो, तिचा आवाज ऐकतो आणि समाधान मानतो, तर पक्क्या बाजूचं टोक केसभर वर राहिलेलं असतं. अशी पट्टी महिनाभरही चालते. मग एखाद्या दिवशी कॅबिनेट सरकवलं की बंद.

तरीही नाही उठलं, तर कागद घ्या. जुनी पट्टी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. नवी पट्टी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. प्रत्येक वेळी चालू झालं की नाही ते लिहा. अजून काही घासू नका, कारण घासलं की आधीच्या नोंदींना अर्थ उरत नाही. नवी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडते आणि जुनी दोन्हींत चालते, तर नवी पट्टी सदोष आहे किंवा त्या बोर्डाला चालणारी नाही. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडतात, तर स्लॉट किंवा त्याच्या मागची वाट बिघडलेली आहे. दोन्ही पट्ट्या एकट्या एकट्या कुठेही चालतात आणि जोडीनं बसवल्या की अडतात, तर दोघींचं जमत नाही. आणि चारही वेळा, शिवाय जोडीनंही चालत असेल, तर दोष संपर्काचा, ओलीचा किंवा विजेचा. एवढा कागद पूर्ण झाल्याशिवाय नवी रॅम विकत घेऊ नका. चांगली पट्टी बदलून दुसरी चांगली पट्टी आणणाऱ्यांचा खर्च बघून वाईट वाटतं.

ओल, कापूस आणि मागाचे हादरे

आपल्या भागातल्या वारंवार येणाऱ्या बिघाडाचा मोठा वाटा इथं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात बेळगावात हवा इतकी दमट असते की भिंतीला लावलेली पुस्तकं सादळतात. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या अंगाला तर कित्येक दिवस ऊन दिसत नाही. रॅमच्या दातांवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो, खाली निकेल आणि तांबं. सोनं गंजत नाही, पण थराला सूक्ष्म छिद्रं असतात. ओल त्यांतून खाली शिरते आणि आतल्या धातूचा क्षार वर येतो. त्यात स्लॉटमधल्या पिनांवर धूळ बसलेली असली, की ती ओल धरून ठेवते. मग दोन-तीन दिवस बंद राहिलेलं मशीन सोमवारी सकाळी उठत नाही, आणि घासून एकदा चालू झालं की आतल्या उष्णतेनं कोरडं राहून महिनाभर चालतं. सतत वापरातलं मशीन पावसाळ्यात कमी अडतं आणि झाकून ठेवलेलं जास्त अडतं, त्याचं कारण हेच. कव्हर घालून ठेवण्यापेक्षा पावसाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास मशीन चालू ठेवणं जास्त उपयोगी. कॅबिनेट ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा.

वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत विणकरांच्या घरांत दुसरीच अडचण. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संगणक. कापसाचा तूस पंख्यावाटे आत ओढला जातो, प्रोसेसरच्या हीटसिंकवर नमदा बसतो आणि तोच तूस स्लॉटच्या फटीत जातो. त्याहून त्रासदायक म्हणजे मागाचे हादरे. हादऱ्यानं पट्टी उडून बाहेर येत नाही, पण तिचे दात आणि स्लॉटच्या पिना एकमेकांवर सतत अगदी बारीक हलत राहतात. त्या घासण्यानं सोन्याचा थर झिजतो, झिजेची पूड तिथंच साठते आणि संपर्क कच्चा होत जातो. अशा घरात पट्टी बदलून उपयोग नाही, वर्षभरात तोच त्रास नव्या पट्टीला होतो. टेबल मागाच्या सामाईक भिंतीपासून सोडवा, कॅबिनेट टेबलावर न ठेवता जाड रबरी तुकड्यांवर वेगळ्या घडवंचीवर ठेवा. हवा आत घेणाऱ्या जाळीवर पातळ फोम बसवला आणि आठवड्याला धुतला तर तुसाचा प्रश्न बराचसा मिटतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ ज्यांची घरं आहेत, त्यांनीही हा फोम लावावा. तंबाखूची पूड बारीक आणि ओल धरणारी असते, ती नुसत्या फुंकरीनं निघत नाही.

आता साफ कसं करायचं. खोडरबर वापरायला हरकत नाही, पण शाळेतला पांढरा, मऊ. शाईसाठीचा खरखरीत खोडरबर सोनं खरवडून काढतो, आणि पुढच्या पावसाळ्यात क्षार आणखी लवकर येतो. दर पंधरा दिवसांनी घासली जाणारी पट्टी घासण्यानंच खराब होत जाते. हलक्या हातानं, एकाच दिशेनं, वर्षाकाठी फार तर एक-दोनदा. घासल्यावर उरलेली खोडरबराची पूड झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर कपड्यानं दात पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मेडिकल दुकानातलं हातावर लावायचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर, रॉकेल तर नकोच.

पट्टी सगळे घासतात, स्लॉट कोणी साफ करत नाही, आणि निम्मा दोष तिथंच असतो. स्लॉटसाठी कोरडा, मऊ ब्रश आणि हवेचा झोत. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. स्लॉटमध्ये टूथब्रश खुपसू नका, सुई तर अजिबात नको, पिना वाकतात. मोबाइलचा टॉर्च लावून, मोबाइलच्याच कॅमेऱ्यानं मोठं करून पिनांची रांग पाहा. एखादी पिन आत दबलेली, किंवा मुंग्यांची माती, झुरळाची अंडी अडकलेली दिसली, तर दुसरीकडे कारण शोधण्याची गरज उरत नाही.

पट्टी त्या बोर्डाची आहे का

आपल्याकडच्या घरांत अजून एच६१, एच८१, एच११० हे इंटेल प्रोसेसरचे बोर्ड भरपूर आहेत, क्वचित जी४१ही. पहिल्या दोन बोर्डांवर डीडीआर३ चालते आणि कमाल मर्यादा १६ जीबी. एच११० वर बहुधा डीडीआर४, मर्यादा ३२ जीबी. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी. त्यामुळे चुकीच्या पिढीची पट्टी बसतच नाही, तिथं जोर लावू नका. खरा घोळ बसणाऱ्या पट्ट्यांमध्ये असतो.

डीडीआर३ च्या नव्या पट्ट्या आता चांगल्या कंपन्यांच्या सहज मिळत नाहीत, म्हणून जुनी किंवा बिननावाची पट्टी गळ्यात पडते. त्यात एक प्रकार असा असतो की तो फक्त एएमडीच्या जुन्या बोर्डांवर चालतो. ऑनलाइन स्वस्तात दिसतो, वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर तो एक तर उठतच नाही किंवा अर्धवट दिसतो. दुसरा प्रकार सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड पट्ट्यांचा. लेबलवर पीसी३-१०६०० च्या पुढे आर अक्षर असेल, किंवा एका बाजूला ८ ऐवजी ९ मेमरी चिप असतील आणि मध्ये आणखी एक वेगळी चिप, तर ती घरच्या साध्या बोर्डाला चालणार नाही. जी४१ बोर्डाची खोड वेगळी. त्याला ४ जीबीची पट्टी हवी असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून १६ चिप असलेलीच घ्यावी लागते. आठच चिपची ४ जीबी पट्टी तो ओळखत नाही.

व्होल्टेजही पाहा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ ची, डीडीआर४ १.२ ची. एल असलेली पट्टी १.५ वरही चालते, म्हणून जुन्या बोर्डात दोन्ही मिसळल्या तर सहसा निभावतं. पण ज्या बोर्डाला एल हीच हवी आहे, त्यात साधी टाकू नका. वेग वेगळे असले तर दोन्ही पट्ट्या कमी वेगावर चालतात, एवढंच. १३३३ च्या जोडीला १६०० घेतली म्हणून मशीन बिघडत नाही. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत एच११० वर ३२०० ची पट्टी टाकली तर ती २१३३ नं चालेल. दुकानदारानं वेगाचे जास्त पैसे मागितले तर हे लक्षात ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्टी जास्त वेगानं चालवायचा पर्याय, चालू केलेलं असेल तर दोन वेगळ्या पट्ट्यांच्या जोडीसाठी ते बंद करून पाहा, जोडीनं अडणारी कितीतरी मशीन एवढ्यानंच सुधारतात.

जुन्या पट्टीचं लेबल मोबाइलवर टिपून दुकानात न्या. नुसतं "४ जीबी द्या" म्हणू नका. लेबलवरचं १आरएक्स८ किंवा २आरएक्स८, पीसी३ की पीसी३एल, १०६०० की १२८००, हे सगळं जुळणारी पट्टी मागा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या खाली मेमरीवर क्लिक केलं तर वेग आणि किती स्लॉट भरलेत हे दिसतं, पण व्होल्टेज आणि चिपची रचना तिथं दिसत नाही, त्यासाठी लेबलच बघावं लागतं.

पट्टी आतून खराब असेल तर

चालू मशीन मध्येच निळा पडदा दाखवून बंद होतं, त्यावर कधी मेमरी मॅनेजमेंट तर कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल असं काहीही येतं, झिप फाइल उघडताना खराब असल्याचं सांगते, प्रोग्रॅम इन्स्टॉल होता होता अडतो. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर आधी एक काम करा. टॅलीचा, नुडी आणि श्रीलिपी या कन्नड-मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या कामाचा, फोटोंचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तोही शक्यतो फक्त जुनी पट्टी ठेवून. सदोष रॅम डिस्प्ले घालवते एवढाच तिचा उपद्रव नाही. ती चुकीचे आकडे गुपचूप फाइलमध्ये लिहून टाकते, आणि हे नुकसान मार्च अखेरीला हिशेब जुळवताना कळतं.

मग तपासणी. विंडोजमध्ये स्टार्टला मेमरी डायग्नोस्टिक शोधा, रीस्टार्ट करा, तपासणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा. निकाल लॉगिन झाल्यावर थोड्या वेळानं दिसतो. ही चाचणी उघड दोष पकडते, सूक्ष्म दोष तिच्या हातून सुटतात. म्हणून वारंवार येणाऱ्या त्रासासाठी मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावं. ८ जीबीची एक फेरी जुन्या मशीनवर सहज तास-दोन तास घेते आणि एका फेरीनं समाधान मानू नये. चूक दाखवणारी लाल ओळ एकच आली तरी ती पट्टी नापास. "एकच तर चूक आहे" असं मेमरीच्या बाबतीत म्हणता येत नाही. चूक आली की दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या, त्याच स्लॉटमध्ये तपासा. रात्रभर वीज टिकेल याची खात्री नसेल तर यूपीएसच्या भरवशावर बसू नका, सुट्टीच्या दिवशी दिवसा चालवा.

मेमरी आहे, पण निम्मीच दिसते

हा त्रास छोटा पण फसवा. ८ जीबी बसवली आणि विंडोज ३.२ किंवा ३.५ जीबीच वापरता येते म्हणतं, तर विंडोज ३२ बिटचं आहे. त्याला ४ जीबीच्या पुढे हात पोचत नाही. ६४ बिटचं विंडोज नव्यानं टाकावं लागेल. विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट असूनही ८ जीबीवर थांबतं. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत मॅक्सिमम मेमरीवर खूण असेल तर ती काढा, ती कोणी तरी "मशीन फास्ट होतं" म्हणून करून ठेवलेली असते. आठपैकी दोन-तीनशे एमबी ग्राफिक्ससाठी कमी दिसले तर तो बिघाड नाही.

पण बायोसमध्येच एक स्लॉट रिकामा दिसतो आणि तो साफ करूनही उपयोग होत नाही, तर प्रोसेसरकडे बघा. इंटेलच्या कोअर आय मालिकेपासून मेमरीचा ताबा प्रोसेसरच्या आत असतो. पंखा बदलताना किंवा पेस्ट लावताना सॉकेटमधली एक पिन वाकली, किंवा कूलरचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त आवळला गेला, तरी एका बाजूचे स्लॉट मरतात. अलीकडे पंखा बदलला होता का, हे विचारून घ्या.

सेल, पॉवर सप्लाय आणि एक फसवी वाट

घड्याळ मागे गेलेलं दिसलं, वेबसाइट सुरक्षित नसल्याचं सांगू लागल्या, दर सकाळी एफ१ दाबायला लागतं, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. नव्यात ३ व्होल्ट असतात, मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला. किंमत किरकोळ आहे आणि चार-पाच वर्षं टिकतो. सेल कमजोर असताना बोर्ड मेमरीच्या नोंदी विसरतो आणि सकाळी अडखळतो.

सेल काढण्याआधी बायोसमधल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. हे का, ते सांगतो. काही जुन्या बोर्डांवर सेल काढला की साटाची, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलण्याची, पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाते. मग मशीनला डिस्प्ले येतो, विंडोजची खूण दिसते आणि लगेच निळा पडदा, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. लोकांना वाटतं रॅमनं हार्ड डिस्कही घालवली, आणि विंडोज नव्यानं टाकताना सगळा डेटा जातो. बायोसमध्ये जाऊन फोटोत होतं ते परत एएचसीआय करा, विंडोज जसं होतं तसं उघडेल.

एसएमपीएसची खूण म्हणजे बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबणं, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच उठणं. आत फुगलेले कॅपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) असतात, पण एसएमपीएस घरी उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज राहते. ओळखीच्याकडून दुसरा आणून लावून बघा. बोर्डावरचे कॅपॅसिटर मात्र पाहा. रॅमच्या स्लॉटजवळचा एखादा डोक्यावर फुगलेला किंवा तपकिरी चिकट पाझरलेला असेल, तर पट्टी कितीही बदला, तो बदलल्याशिवाय बोर्ड स्थिर होणार नाही.

किती खर्च करावा

स्लॉट मेला आणि दुसरा ठीक आहे, तर बोर्ड टाकू नका. चालणाऱ्या एका स्लॉटमध्ये ८ जीबीची एकच पट्टी बसवा. दोन पट्ट्यांची जोडगोळी मिळून जो वेग मिळतो तो जाईल, पण टायपिंग, टॅली, ऑनलाइन अर्ज यांत तो फरक जाणवत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र शंभर टक्के दिसत असेल, तर रॅमऐवजी एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर प्रामुख्यानं आहेत. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये नवा बोर्ड, नवी रॅम असा खर्च मी कोणाला सुचवत नाही. तसल्या मशीनवर लिनक्स टाकून ८ जीबीवर आणखी काही वर्षं मुलांचा अभ्यास होऊ शकतो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेले आहेत, त्यामुळे आधी चाचणी, मग खरेदी.

निपाणी-चिकोडीकडची बरीच मंडळी कोल्हापुरातून खरेदी करतात, बाकीचे बेळगावातून. कुठूनही घ्या, बिलावर पट्टीचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि पट्टीवरचं लेबल फाडू नका. वॉरंटीत परत नेताना "डिस्प्ले येत नाही" एवढं सांगितलं, तर दुकानात ती त्यांच्या मशीनवर लावतात, चालते, आणि तुम्हाला तशीच परत देतात. त्याऐवजी चार नोंदींचा तो कागद आणि मेमटेस्टच्या लाल ओळीचा फोटो पुढे ठेवा. कुठल्या बोर्डावर, कुठल्या स्लॉटमध्ये, एकटी की जोडीनं, थंड असताना की तापल्यावर, हे सांगा, आणि दुकानातल्या मशीनवरही ती मेमटेस्टच्या किमान एका पूर्ण फेरीतून न्यायला सांगा.